सात दिवसांची मुदत

६ जानेवारी, सोमवार

ही वही कामाच्या नोंदींसाठी. मनातलं वगैरे लिहायची मला सवय नाही आणि हौसही नाही. ऑफिसात आता मी एकटाच उरलो आहे, तेव्हा कधी काय बदललं हे कुठेतरी टिपलेलं बरं, एवढंच.

खोलीत टेबलं चार, माणूस एक. एकाने नोकरी सोडली, एकाला बढती मिळून तो वरच्या मजल्यावर गेला, तिसरीने आधी घरून काम धरलं आणि मग कामच सोडलं. त्यांच्या खुर्च्या कोणी नेल्या नाहीत. मागच्या आठवड्यात मी रोज वेगळ्या खुर्चीत बसून पाहिलं. चारही सारख्याच वाईट आहेत.

काम असं आहे. बावीस आरोग्य केंद्रांत लसी ठेवायच्या थंड खोल्या आहेत. प्रत्येक खोलीतला कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी आतलं तापमान आमच्या सर्व्हरला कळवतो. ते आठ अंशांच्या वर गेलं की सर्व्हर आपणहून केंद्रातल्या माणसांना फोन लावतो. आता कोणीही उपटसुंभाने खोटं तापमान पाठवू नये म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र दिलेलं आहे. जोडणी होताना सर्व्हर आपली ओळख दाखवतो, तसं समोरच्यालाही हे प्रमाणपत्र दाखवावं लागतं. सही आमची हवी आणि मुदत संपलेली नको. नाहीतर दार बंद, मग आतलं तापमान काहीही असो. सह्या करणारा मी. मुदत एक वर्ष, म्हणजे वर्षाकाठी बावीस सह्या. बाकी दिवस सर्व्हर चालतो आणि मी बघतो.

९ जानेवारी, गुरुवार

एका केंद्रातला कॉम्प्युटर चोरीला गेला. त्याच्याबरोबर त्याचं प्रमाणपत्रही गेलं, तेही अजून सात महिने चालेल असं. मी ते लगेच रद्दच्या यादीत टाकलं, तेव्हा धोका असा काही उरला नाही. पण साहेबांना सांगितलं की मुदत वर्षाऐवजी महिन्याची करू. चोरलं तरी महिन्याभरात निकामी.

साहेब म्हणाले, "करा की. सुरक्षा वाढते म्हणता ना? मग मला कशाला विचारता!"

१२ जानेवारी, रविवार

वहिनींचा फोन. "भावजी, कामात आहात का? तो मोबाइल वायफायचा पासवर्ड परत मागतोय मेला." मागच्या रविवारीही हेच. म्हटलं, मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून तुमच्या फ्रिजवर चिकटवलाय ना? म्हणाल्या, "चिकटवलाय हो, पण तुमचं अक्षर!" मग जेवण झालं का, खोकला गेला का, दादाची पाठ कशी आहे, सगळं यथासांग झालं. पंचवीस मिनिटं गेली. पासवर्ड दहा अक्षरांचा आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

महिन्याची मुदत सुरू झाल्यापासून फोन वाजायला लागला आहे. पद्धत अशी: केंद्रातला माणूस कॉम्प्युटरवर नवी किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, बनवतो आणि सहीसाठी माझ्याकडे अर्ज पाठवतो. अर्ज खरंच त्याचाच आहे ना, हे मी फोनवर तपासतो. प्रत्येक अर्जाचा एक ठसा असतो, आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. तो त्याच्या पडद्यावरून वाचतो, मी माझ्या. जुळलं की सही.

त्यानंतर आमचा प्रोग्रॅम एकदा बंद करून परत चालू करावा लागतो, कारण तो सुरू होताना वाचलेलं जुनं प्रमाणपत्रच धरून बसतो. चालू व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन ठेवता येत नाही. पूर्वी हे कधी जाणवलं नव्हतं, वर्षातून एकदाच व्हायचं. दोन ओळींचा कोड बदलला तर प्रोग्रॅम बंद न करताही भागेल. बघू सवडीने.

आज एका केंद्रातल्या औषधवाल्यांनी चार मिनिटांत त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची समग्र हकिकत सांगितली. ऐकायला वाईट नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

डोंगरावरच्या केंद्रातल्या सिस्टर पहिल्यांदाच बोलल्या. आधी तिथले डॉक्टर हे काम करायचे, आता त्यांनी ते यांच्या गळ्यात मारलं आहे. ठसा वाचताना एकदा चुकल्या आणि स्वतःच हसल्या. "सर, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय."

फोनमागे थंड खोलीच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, मशीनच्या मागच्या बाजूने गरम हवा येते आणि तिथे एक कुत्रं येऊन झोपतं. हाकललं तर उठतं, अंगाला आळोखेपिळोखे देतं आणि त्यांच्याकडे बघत परत तिथेच बसतं. चार मिनिटं झाली तरी तेच चाललं होतं. प्रोग्रॅम केव्हाचा चालू झाला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

वहिनींचा फोन. घेतला नाही. पासवर्डच असणार.

४ मार्च, मंगळवार

गेले अकरा दिवस केंद्रांचा एकही फोन नाही. बावीस केंद्रं आणि महिन्याची मुदत, म्हणजे सरासरी रोज एक तरी यायला हवा, पण सगळ्यांनी महिन्याच्या मध्यावर एकदमच उरकून घेतलं. काल ऑफिसात दिवसभर मी एक शब्दही बोललो नाही हे संध्याकाळी दुकानात लक्षात आलं. दुकानदाराने काय हवं विचारलं आणि घशातून आवाजच निघेना, आधी खाकरावं लागलं.

मुदत सात दिवसांची केली. जगभर आता मुदती कमीच करतात, हे मी साहेबांना लिहिलेल्या पत्रात नमूद केलं आहे. ते सगळे हे काम माणसाच्या हातून करत नाहीत, प्रोग्रॅमकडून करून घेतात, हेही खरं. ते लिहिलं नाही, पत्र उगाच लांबलं असतं.

१५ मार्च, शनिवार

डोंगरावरच्या केंद्राचा वार शनिवार. अकराच्या सुमाराला. शनिवारी ऑफिसला सुट्टी असते, पण मी येतो. घरी तरी काय करायचं आहे?

आज सिस्टर म्हणाल्या, "सर, एव्हाना आमचा ठसा मला पाठ झाला असता. पण तुम्ही दर आठवड्याला बदलता की हो!" मी म्हटलं, नियम आहे. म्हणाल्या, "नियम कोणी केला?" मी म्हटलं, वरून आला. वर म्हणजे वरच्या मजल्यावर साहेब बसतात, त्यांची सही आहे, तेव्हा हे काही खोटं नाही.

त्या धाकट्या बहिणीबद्दल बोलल्या. तिची तब्येत बरी नसते, लांब राहते. मी ऐकलं. मग मी कुत्र्याचं विचारलं. "आहे की, पडलंय. त्याला कसली मुदत!"

आजचा दिवस बरा गेला.

३ एप्रिल, गुरुवार

एक कटकट. आठवड्याला बावीस नूतनीकरणं, त्यातल्या तीन-चारांना उशीर होतोच. मुदत संपली की सर्व्हर त्यांना आत घेत नाही, तापमान येईनासं होतं आणि 'केंद्राशी संपर्क नाही' असा इशारा वाजतो. वरच्या मजल्यावरही वाजतो. साहेब वैतागले. "अहो, रोज काय लांडगा आला रे आला! बंद करा ते."

बंद नाही केलं. एवढंच बदललं की संपर्क तुटण्याचं कारण संपलेली मुदत असेल, तर बहात्तर तास इशारा द्यायचा नाही. तेवढ्यात कोणीतरी फोन करतंच. खरं तर मुदत परत महिन्याची केली असती तरी इशारे थांबले असते. तेही मनात आलं होतं.

२० एप्रिल, रविवार

वहिनींचा फोन. आता टीव्ही पासवर्ड मागतोय म्हणे. जरा तुसडेपणानेच बोललो. म्हटलं, वहिनी, पुतणी आहे ना घरात, तिला विचारा, ती इंजिनिअर होतेय. त्या म्हणाल्या, "तिला कुठे वेळ असतो हो." मग जरा थांबून, "बरं, जेवलात ना? मग ठेवते." माणसाला एक दिवस सुट्टी मिळते आणि त्यातही लोकांची तांत्रिक मदत!

१० मे, शनिवार

सिस्टरांचा फोन, अकरा वाजून पाच मिनिटांनी. बहिणीचं ऑपरेशन ठरतंय. बोलताना आवाज ओढलेला वाटला. मागच्या घरघरीत आज मधूनमधून टकटक ऐकू येत होतं. सुरू झाल्यासारखं, परत थांबल्यासारखं. विचारणार होतो, पण त्या बहिणीबद्दल सांगत होत्या, मध्ये तोडणं बरं दिसलं नसतं. बाहेर कोणी काही ठोकत असेल.

१६ मे, शुक्रवार

चार वाजता सिस्टर. घाईत होत्या. उद्या बहिणीचं ऑपरेशन, साडेचारच्या बसने निघायचं होतं. "सर, उद्याचं आजच करून घ्या ना. पटकन ठसा वाचते."

मी म्हटलं, कशाला धावपळ करता? सोमवारी आलात की करू, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. त्या म्हणाल्या, "नक्की ना?" म्हटलं, नक्की. निर्धास्त जा.

आज केलं असतं तर ठसा वाचला, सही झाली, फोन ठेवला. चार मिनिटं थांबायलाही त्यांना वेळ नव्हता. सोमवारी निवांत बोलता येईल. ऑपरेशनचंही कळेल.

१९ मे, सोमवार

शनिवारी अकराला डोंगरावरच्या केंद्राची मुदत संपली. शनिवारी संध्याकाळी केव्हातरी तिथलं मशीन बंद पडलं. कॉम्प्युटर इमानेइतबारे दर पाच मिनिटांनी सांगत होता, नऊ, अकरा, चौदा, एकोणीस. सर्व्हरने एकदाही दार उघडलं नाही. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, पाचशेच्या वर नकार आहेत, एकाखाली एक. इशारा वाजला नाही, कारण बहात्तर तास झाले नव्हते.

सकाळी सिस्टरांनी खोली उघडली तेव्हा आत चोवीस अंश होतं. सगळा साठा गेला. आज तिथे लसीकरणाचा वार. पन्नास-साठ बाया लेकरं कडेवर घेऊन डोंगर चढून आलेल्या, त्यांना तसंच परत पाठवलं. नवा साठा यायला दोन आठवडे.

त्यांचा फोन आला पण ठसा वाचायला नव्हे. एवढंच म्हणाल्या, "सर, सगळं गेलं." मागे अजिबात आवाज नव्हता. बहिणीचं विचारायचं राहिलं.

२१ मे, बुधवार

चौकशी लागली. साहेबांनी मला लॉग काढून द्यायला सांगितलं, मी दिला. लॉगमध्ये स्पष्ट आहे: प्रमाणपत्राची मुदत संपलेली, नवा अर्ज आलेला नाही. अर्ज कोणी करायचा? सिस्टरांनी. साहेब म्हणाले, "आपली सिस्टिम बरोबर चालली. बाईंनी काम केलं नाही." त्यांना निलंबित करणार आहेत, निर्णय सोमवारी.

शुक्रवारच्या फोनची नोंद लॉगमध्ये नाही. ती माझ्या मोबाइलमध्ये आहे. आणि या वहीत.

२२ मे, गुरुवार

चौकशीत सिस्टरांनी काय सांगितलं ते साहेबांकडून कळलं. "मुदतीची मला कल्पना होती. मी आधी करून घ्यायला हवं होतं." माझं नाव घेतलं नाही. मी नको म्हटलं होतं, हे सांगितलंच नाही. का सांगितलं नसेल? कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की चूक त्यांची.



२४ मे, शनिवार

ऑफिसात आलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. साहेबांनी मागितलेला तांत्रिक अहवाल लिहिला. चार पानं. प्रमाणपत्र कसं चालतं, मुदत म्हणजे काय, सर्व्हर नकार का देतो. सगळं बिनचूक. वाचून पाहिलं तर त्यात मी कुठेच नाही. जणू हे सगळं आपोआप घडलं.

फाडून टाकला.

मला भीती वाटते आहे. नोकरीची आहेच, पण तिच्यापेक्षा जास्त याची की आता सगळ्यांना कळेल. पन्नाशी उलटलेल्या माणसाने कशासाठी हे केलं, ते वरच्या मजल्यावर चहा पिताना बोललं जाईल. ते हसतील आणि त्यांचं हसणं बरोबर असेल.

२६ मे, सोमवार

नवा अहवाल एका पानाचा. मुदत वर्षावरून सात दिवसांवर मी आणली. माणसाच्या हातून दर आठवड्याला करण्याजोगं ते काम नव्हतं आणि हे मला माहीत होतं. इशारा बहात्तर तास मी दाबून ठेवला. शुक्रवारी चार वाजता परिचारिकेने मुदत संपायच्या आधीच विनंती केली, ती मी नाकारली. सोबत फोनच्या नोंदीचं चित्र जोडलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे लिहायची काय गरज होती? कोणी विचारलं तरी होतं का?" मग, "पण सात दिवस कशाला? मला तर तुम्ही सुरक्षा म्हणालात."

मी म्हटलं, "फोन यावेत म्हणून."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग मागच्या तीन रिकाम्या टेबलांकडे बघितलं. कागद घेऊन गेले.

३० मे, शुक्रवार

सिस्टरांवरची कारवाई मागे घेतली. मला लेखी ताकीद, आणि महिन्याभरात नूतनीकरण आपोआप होईल असा कोड लिहून द्यायचा.

दुपारी सिस्टरांचा फोन. आधी बहिणीचं सांगितलं, ती बरी आहे, घरी आली. मग म्हणाल्या, "तुमचा अहवाल डॉक्टरांनी वाचायला दिला. सर, म्हणजे आम्हाला दर आठवड्याला उगाचच पळवलंत?"

मी म्हटलं, "हो."

मागे नव्या मशीनचा आवाज होता, बारीक, एकसारखा.

"त्या दिवशी एक बाई पाच महिन्यांचं बाळ घेऊन तीन तास चालत आली होती. मी तिला काय सांगितलं असेल?"

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही. ठेवताना म्हणाल्या, "नुसता फोन करायचा होता हो, सर. बोलले असते की मी."

१६ जून, सोमवार

कोड पूर्ण झाला. आता मुदत संपायच्या दोन दिवस आधी प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच नवी किल्ली बनवतो आणि अजून चालू असलेल्या जुन्या प्रमाणपत्राची ओळख दाखवून नव्यासाठी अर्ज करतो. सर्व्हर तपासतो आणि सही होते. ठसा वाचायला नको, मी नको. त्या दोन ओळीही अखेर लिहिल्या, प्रोग्रॅम बंद न करता नवं प्रमाणपत्र उचलतो. लिहायला वीस मिनिटं लागली. बहात्तर तासांची सूट काढून टाकली. आता संपर्क पंधरा मिनिटं तुटला तरी वाजेल, साहेब कितीही वैतागोत.

मुदत सातच दिवसांची ठेवली आहे. आता तीच योग्य आहे.

बावीसपैकी बावीस केंद्रांची नूतनीकरणं झाली. डोंगरावरच्या केंद्राचं अकरा वाजून दोन मिनिटांनी झालं. तापमान चार पूर्णांक एक. फोन वाजला नाही. सगळं व्यवस्थित चाललं आहे. मी पाच वाजेपर्यंत बसून होतो.

२१ जून, शनिवार

ऑफिसला गेलो नाही. सिस्टरांना फोन करावा असं दोनदा मनात आलं. त्या बाईंच्या बाळाला लस मिळाली का, एवढंच विचारायचं होतं. नाही केला. अजून तो हक्क मला नाही.

२२ जून, रविवार

सकाळी दहा झाले तरी वहिनींचा फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. त्याच्या मागच्या? आठवेना. वही चाळली. एप्रिलनंतर त्यांची नोंदच नाही.

अकरा वाजता मीच उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. पायीच, पाऊण तासाचा रस्ता आहे. दार वहिनींनी उघडलं. "अगंबाई, भावजी! काय झालं? सगळं ठीक ना?" दादा आतून ओरडला, "कोण आलंय?" त्या म्हणाल्या, "भावजी आलेत, भावजी!" आणि असं म्हणाल्या की मला दारात उभं राहणं अवघड झालं.

म्हटलं, "ते वायफायचं बघायला आलो. परत मागतंय का पासवर्ड?"

त्या एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागतंय तर. किती दिवस झाले." आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. फ्रिजवर माझा कागद होता, जिथे लावला होता तिथेच. कोपरे उचलले होते म्हणून कोणीतरी चारी बाजूंनी नवी चिकटपट्टी लावली होती. अक्षर चांगलं स्वच्छ दिसत होतं. त्याच्याखालीच पुतणी बसून लॅपटॉपवर काही बघत होती. ती मान वर करून म्हणाली, "काका, वायफाय तर..." वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प झाली.

मोबाइल बघितला. जोडलेलाच होता. सगळ्या रेघा भरलेल्या.

म्हटलं, "हो, अडकलंय खरं. जरा वेळ लागेल."

"लागू दे," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्यासाठी ताट घेतलं.